बेचाळीस पंजे

"हे कुणी केलं?"

इंद्रजितच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं. पुढचे शब्द अडकले ते अडकलेच. भैरूबुवा सांगतात, ते सुटेपर्यंत त्यांचं एक अख्खं पान खाऊन झालं.

समोर तालमीची भिंत होती. चाळीस फूट लांब. दोन महिने खपून इंद्रजितनं तिच्यावर अख्खा गाव रंगवला होता. पाणवठा, बैल, धान्य पाखडणाऱ्या बाया. त्यातल्या पिंपळावर कावळे बसायला येत आणि आपटून खाली पडत, असं लोक म्हणतात. खोटं कशाला बोलू? मी एकच पडलेला पाहिला.

आज त्या चित्रावर गोवऱ्या थापलेल्या होत्या. ओल्या, परातीएवढ्या, ओळीनं. एका बैलाचं शिंग तेवढं बाहेर डोकावत होतं.

"बुवा… अहो, कुणी केलं हे?"

भैरूबुवांनी उजवा हात वर केला. कोपरापर्यंत शेण.

"पहिली मी थापली."



भैरूबुवा इंद्रजितचे गुरू. पन्नास वर्षं पंचक्रोशीतल्या देवळांच्या भिंती रंगवलेला माणूस. कुंचला धरायला इंद्रजितला त्यांनीच शिकवलं आणि शहरातल्या कलाशाळेसाठी शिष्यवृत्तीची शिफारसही त्यांनीच केली. शिष्यवृत्तीची अट एकच होती. दरवर्षी गावात, गावकऱ्यांच्या हातांनी, एक चित्र उभं राहिलं पाहिजे. ते बघूनच पुढचं वर्ष मंजूर. आणि बघायला शिष्यवृत्ती देणाऱ्या न्यासाच्या बाई त्याच दुपारी यायच्या होत्या.

"तासाभरात मॅडम येतील, बुवा! शिष्यवृत्ती गेली की माझी शाळा सुटली. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की. म्हणून तर घाई केली."

इंद्रजितनं बादली उचलली आणि भिंतीकडे धावला. बुवा भिंतीला पाठ लावून बसले.

"धू. आधी मला धू."

बादली हवेतच राहिली.

"इंद्रा, शिष्यवृत्तीच्या त्या फॉर्मात काय लिहिलंस?"

बादली खाली ठेवत इंद्रजित काहीतरी पुटपुटला.

"सांग की. मोठ्यानं सांग."

"गावातल्या बेचाळीस महिलांनी या भिंतीवर काम केलं."

"आणि खाली?"

"त्यांचे अंगठे."

"अंगठे!" मागून शेवंताक्का कडाडली. तिच्यामागे गावातल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी सातवी पास हाय रं! सही करते म्हटलं, तर म्हणतोस, आक्का, अंगठाच द्या, लवकर उरकतं. कशाचा कागद, ते तरी सांगितलंस? आमास्नी वाटलं, रेशनचं काय तरी असंल."

"आक्का, मी सांगणार होतो…"

"कधी, मी मेल्यावर? आन ही भिंत आमची गोवऱ्या वाळवायची. गावात एवढ्याच भिंतीवर दिवसभर ऊन टिकतं. दोन महिनं ओल्या गोवऱ्या फुकून डोळं फुटायची पाळी आली. आन तू वर चढून आमचीच चित्रं काढत हुतास! मला तर गोरी काढलीस, मेल्या."

"मग मला येऊन सांगायचं."

"आल्ते की. म्हणालास, आक्का, उजेड अडवू नका."

बाया हसल्या. इंद्रजितचा चेहरा शेणाहून काळा पडला.

"म्हणजे ही शिक्षा आहे तर. मी खोटं लिहिलं म्हणून."

"शिक्षा?" बुवा खरोखरच दचकले. "अरे, शिष्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून सकाळपासून दारोदार हिंडलो. बेचाळीस घरं! गुडघे गेले माझे. मोजून घे. माझी तेवढी धरू नकोस."

इंद्रजितनं मोजलं. एकेका गोवरीवर एकेक पंजा. कुठं बांगडीची कड उमटली होती. कुठं करंगळी वाकडी. एका पंजाला चारच बोटं होती…

बेचाळीस.

तेवढ्यात जीप आली.

न्यासाच्या सुनंदाबाई उतरल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात फॉर्म. त्यांनी नाकाला रुमाल लावला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या, तेव्हा रुमाल नाकावर नव्हता.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "कागदावर बेचाळीस अंगठे आणि भिंतीवर बेचाळीस पंजे! एवढी गावं पाहिली मी. पण गावाचा हात असा कुठं दिसला नाही. इंद्रजित, शाबास. मंजूर."

त्यांनी पेन काढलं.

इंद्रजितनं बुवांकडे पाहिलं. बुवा नखातलं शेण काढत होते.

पेन कागदाला टेकलं.

"मॅडम… थांबा."

"काय झालं?"

"अंगठे मी आधीच घेतले होते. काही न सांगता. हे पंजे आज सकाळचे आहेत. माझं चित्र या गोवऱ्यांच्या खाली आहे, आणि त्याला माझ्याशिवाय कुणाचाच हात लागलेला नाही."

शेवंताक्का तोंडावर पदर धरून उभी. "आरं, गप बसला असतास की," ती पुटपुटली.

सुनंदाबाईंनी पेन मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं. हातातल्या कागदाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग त्या पोराकडे. इंद्रजितनं मान खाली घातली होती. पण पाय जागचे हलवले नव्हते.

"वीस वर्षं हे फॉर्म तपासतेय मी…" त्या म्हणाल्या. "मंजूर होत असताना आजवर कुणी थांबवलं नाही. कागद खोटा आणि भिंत खरी. आता मी करू तरी काय? बुवा, तुम्ही याचे गुरू. तुम्हीच सांगा. मंजूर, का रद्द?"



बुवा उठले. शेणाचं घमेलं पायानं सरकवत सरकवत त्यांनी सुनंदाबाईंच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"आधी पदर खोचा. एक तुमचीही थापा, मग ठरवू."