महाराज ठकूचे मूल सांभाळतात

भाविकहो, तुळोजी महाराज एके ठिकाणी फार काळ राहत नसत. त्या वर्षी चैत्र लागता लागता ते धामणतळे या गावी आले. गाव लहानसे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. वेशीजवळ रामाचे देऊळ आणि देवळाला लागून दगडी भिंतींची एक खोली. खोलीला दार एकच, आणि वर उजेडापुरता हात जाईल एवढा झरोका. महाराज त्या खोलीत उतरले. रामनवमीचा सप्ताह तोंडावर आला होता. "आता सप्ताह इथेच करू," महाराज म्हणाले, आणि गावाला कोण आनंद झाला!

याच गावात ठकू नावाची भडभुंजीण राहत असे. तिचा नवरा राणोजी बैलांवर मीठ लादून आणायला घाटाखाली जाई, तो महिनोन्‌महिने तिकडेच असे. सासू-सासरे निवर्तलेले, माहेर लांब. घरी ठकू, तिची भट्टी आणि दीड वर्षाचा म्हादू. गावातला हरभरा, ज्वारी, साळ तिच्याकडे भाजायला येई. कढईतल्या तापल्या वाळूत धान्य टाकायचे, झाऱ्याने हलवायचे, फुटले की चाळणीने चाळून वाळू पुन्हा कढईत लोटायची. हे काम एका दमात होते. मध्येच उठले की धान्य करपते.

आणि म्हादू तर तिला एका दमात श्वासही घेऊ देत नसे. त्याला नुकते पाय फुटले होते. अंगण एवढे मोठे, पण त्याला जायचे असे ते भट्टीकडेच. कोंबडीच्या पुढ्यातले दाणे उचलून खावेत, माती खावी, ती काढायला बोट घातले तर बोट चावावे. एकदा त्याने नाकात हरभरा घातला, तो काढता काढता ठकूच्या तोंडचे पाणी पळाले. काम संपून ती जरा टेकली की हा जागा, आणि कढई तापायला ठेवली की नेमका कडेवर चढून बसलेला. मग ती जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला बांधी आणि दुसरे टोक मांडवाच्या मेढीला. येणारी-जाणारी म्हणे, "अगो, पोर आहे का वासरू?" ठकू काही बोलत नसे. बोलायला तिला वेळ कुठे होता!

सप्ताहात रोज सकाळी महाराज देवळात चार शब्द सांगत. ठकूला फार ऐकावेसे वाटे. एके दिवशी भट्टी उशिरा पेटवायचे ठरवून ती म्हादूला घेऊन आली आणि अगदी मागे, खांबाआड बसली. पण म्हादू कुठला बसतो! तो तिच्या हातातून सुटला, बायकांच्या रांगेतून वाट काढीत थेट महाराजांपुढे गेला आणि त्यांचा पाण्याचा गडू त्याने लवंडून दिला. पुढे बसलेल्या गोपिकाकाकूंच्या सोवळ्यावर पाणी उडाले.

गोपिकाकाकू म्हणजे गावच्या कुलकर्ण्यांचे कुटुंब. सप्ताहाची सारी व्यवस्था त्यांच्या हाती. नेम कडक, वाणी त्याहून कडक.

"ठके, उचल आधी ते पोर!" काकू कडाडल्या. "देवळात येताना तरी घरी ठेवून यावं!"

"घरी कुणाजवळ ठेवू, काकू?"

"आम्ही नाही का पोरं वाढवली? चार वाढवली. एकानंही कधी देवाधर्मात विघ्न आणलं नाही. वळण लावावं लागतं. ते न जमलं तर येऊ नये."

काकूंनी चार मुले वाढवली हे खरेच होते. त्यांच्या घरी सासू होती, विधवा नणंद होती, पाणी भरायला गडी आणि मूल खेळवायला बाई होती. पण हे कोणी बोलले नाही. दोघी-चौघी पदराआड हसल्या. ठकू मान खाली घालून म्हादूला उचलू लागली.

महाराज म्हणाले, "माय, थांब. तुझा नेम काय आहे?"

ठकू गोंधळली. "माझा कसला नेम, महाराज! उठते नि ह्याच्यामागं धावते. नाव घ्यायला बसले की हा उठतो. 'रा' म्हणते, तर 'म' म्हणायच्या आत ह्यानं काहीतरी तोंडात घातलेलं असतं."

सारे हसले. महाराजही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग 'रा' एवढंच म्हणत जा," महाराज म्हणाले. "पुढचं तो बघून घेईल. आणि हे बघ, कधी फार अडलीस तर ह्याला माझ्याकडे आणून सोड. मला काय काम आहे?"

काकूंना हे मुळीच रुचले नाही. पण महाराजांपुढे बोलणार कोण?

नवमीला रामजन्म झाला. दशमीला काला. काल्याला साळीच्या लाह्या लागत आणि त्या ताज्याच हव्यात. काकूंचा बेत होता की बाजाराच्या गावाहून मागवाव्यात. महाराज म्हणाले, "गावात भट्टी असताना बाजाराला कशाला जायचं?" झाले! दशमीच्या पहाटेच साळीची पोती ठकूच्या अंगणात येऊन पडली.

त्या दिवशी म्हादूची दाढ येत होती. अंग कोमट, नाक वाहते, तोंडात सारखी मूठ. खाली ठेवले की किंकाळी. ठकूने त्याला पाठीशी बांधून निम्मी साळ फोडली. मग पाठीवरून तो इतका वाकू लागला की त्याचा हात कढईवर येई. मेढीला बांधून पाहिले, तर वाळूचा एक तापला कण उडून त्याच्या पावलावर बसला आणि त्याने रडून आकाशपाताळ एक केले. ठकूने पावलाला लोणी लावले. जाळ ओढून घेतला, पोराला कडेवर घेतले आणि देवळाची वाट धरली. महाराजांनीच सांगितले होते ना, अडलीस तर आणून सोड!

इकडे महाराज काल्याआधी खोलीत बसले होते. आत जाताना ते काकूंना म्हणाले होते, "मी जरा आत बसतो. दारात तुम्ही असा. कोणी आलं-गेलं तर पाहा." महाराजांनी एवढ्या जणींतून आपल्याला सांगितले याचा काकूंना केवढा अभिमान! त्यांनी दार लावले, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून जपमाळ घेऊन बसल्या.

ठकू धापा टाकीत पायरीवर आली. "काकू, महाराज आहेत का?"

"आत बसलेत. आत्ता कुणाला भेटायचं नाही."

"भेटायचं नाही मला. पोर तेवढं ठेवते त्यांच्याजवळ. लाह्या झाल्या की लगेच नेते. त्यांनीच सांगितलं होतं."

"अगं, साधुसंत तोंडावर असं म्हणतातच. आपल्याला कळायला नको?" काकू म्हणाल्या. "ते ध्यानात आणि तू हे शेंबडं पोर त्यांच्या मांडीवर टाकणार?"

"मग तुम्ही धरता का घटकाभर? तुमच्या काल्याचंच काम आहे, काकू. हा भट्टीशी राहीना झालाय. सकाळीच पाय पोळला त्याचा."

"मी सोवळ्यात आहे, दिसत नाही? घरात नेऊन बांध. एरवी बांधतेसच की."

आसपासच्या बायका फुले गुंफत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. ठकूला राग यायला हवा होता, पण तिच्या डोक्यात उरलेली साळ आणि निवत चाललेली वाळू एवढेच होते. ती आल्या पावली परतली. म्हादूला तिने घरात, मधल्या खांबाला बांधले. गाठ पक्की मारली. पुढ्यात चुरमुरे आणि लाकडी पळी ठेवली आणि दार ओढून घेऊन भट्टीवर बसली.

आतून म्हादू रडत होता. त्या रडण्याकडे एक कान ठेवून ती झारा फिरवू लागली. पोर रडते आहे तोवर बरे असते, हे आईला ठाऊक असते. मग रडणे बारीक झाले आणि थांबले. झोपला! ठकूला हायसे वाटले. आता काम आवरेल. तिने तुराट्या घालून जाळ वाढवला.

तेवढ्यात उन्हातून एक वावटळ उठली. अंगणातला पाचोळा, फोलपटे आणि भट्टीच्या तोंडचे निखारे तिने एका झपाट्यात उचलले आणि घराच्या छपरावर नेऊन टाकले. चैत्रातले गवत ते! ठकू झारा टाकून उठेपर्यंत छपराने पेट घेतला होता आणि दारावरच्या वळचणीतून जाळ खाली लोंबत होता.

"रा..." एवढेच तिच्या तोंडून निघाले. पुढचे अक्षर काही येईना. ती तशीच त्या जाळाखालून आत घुसली.

आत धूर कोंडलेला. ती गुडघ्यांवर रांगत खांबापाशी गेली. खांब हाताला लागला. पळी लागली. म्हादू लागेना. तिने साऱ्या जमिनीवर हात फिरवले. जात्यावर लुगड्याची पट्टी ठेवलेली होती. तिने स्वतः मारलेली ती गाठ सुटलेली होती आणि पट्टीची नीट चार पदरी घडी घातलेली होती. ती घडी हातात धरून ठकू बसल्या जागी थिजली. शेजारचा गणू लोहार ओले घोंगडे पांघरून आत आला आणि त्याने तिला खेचून बाहेर काढले. मागे छप्पर धाडकन खाली बसले.

लोक घागरी घेऊन धावत आले. "पोर कुठे? पोर आत आहे का?" असा एकच गलका झाला. ठकू वळली आणि देवळाकडे पळत सुटली. का, ते तिला पुढे कधीही सांगता आले नाही.

देवळापुढचे सारे जण आगीकडे धावले होते. काकू मात्र दारातून हलल्या नव्हत्या. महाराजांनी बसायला सांगितले होते ना! केस जळलेली, काळीठिक्कर पडलेली ठकू समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्या दचकून उठल्या.

"काकू, माझं घर पेटलं," ठकू म्हणाली. "म्हादूला बांधला होता मी. तुम्ही म्हणालात तसा."

काकूंच्या हातून माळ गळून पडली.

आणि भाविकहो, त्याच क्षणी बंद दाराआडून लहान मुलाचे खळखळून हसणे ऐकू आले!

"आत कोणी गेलं नाही," काकू पुटपुटल्या. "रामाशपथ, मी इथून उठलेसुद्धा नाही." त्या कडीशी झटू लागल्या, पण कडी निघेना. शेवटी ठकूनेच ती काढली.

आत महाराज आसनावर बसले होते. त्यांच्या मांडीवर म्हादू उभा होता आणि दोन्ही मुठींनी त्यांची दाढी ओढीत होता. त्याच्या गालाला काजळी लागलेली, पण पावलावरचा सकाळचा डाग सोडला तर अंगावर एक चट्टाही नाही. आईला पाहताच त्याने ओठ काढले आणि तो मोठ्याने रडू लागला, जणू तिनेच त्याला टाकून दिले होते. ठकूने झेप घेऊन त्याला उचलले. त्याचे हात पाहिले, पाय पाहिले, पोट पाहिले, आणि मग त्याला उराशी धरून ती खाली बसली.

"घे माय," महाराज म्हणाले. "फार वळवळ्या आहे ग तुझा लेक. खालची दाढ येते आहे त्याची. माझं बोट चावून चावून काढलं."

त्यांनी बोट पुढे केले तेव्हा काकूंना दिसले. महाराजांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता, त्यावर फोड उठले होते. उपरण्याची कड जळून काळी झाली होती.

काकूंनी दाराकडे पाहिले, वरच्या झरोक्याकडे पाहिले. "महाराज," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी दाराला पाठ लावून बसले होते."

"बसला होतात. दार चोख सांभाळलंत तुम्ही," महाराज शांतपणे म्हणाले. "पण काकू, कोणी आलं तर पाहा, एवढंच मी म्हणालो होतो. अडवा म्हणालो नव्हतो. पोर आलं होतं दाराशी. तुम्ही घेतलं असतंत तर हा हात भाजला नसता, एवढंच."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकूंना सोसला असता. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या हुंदके देऊ लागल्या. महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकल्या, तर महाराजांनी पाय मागे ओढून घेतले.

"इकडे नको," ते म्हणाले. "तिकडे."

एव्हाना आग विझवून लोक देवळाशी परतले होते. त्या साऱ्यांच्या देखत कुलकर्ण्यांच्या गोपिकाकाकूंनी भडभुंजीण ठकूच्या पायांवर डोके ठेवले. "ठकू, मला क्षमा कर," त्या म्हणाल्या. "तुझ्या लेकराच्या जिवावर उठले होते मी."

महाराजांनी गावाला सांगितले, "ठकूच्या घरावर छप्पर चढल्याशिवाय काला फुटणार नाही." कोणी वासे आणायला धावले, कोणी गवताचे भारे. पण काकू अजून उठत नव्हत्या आणि ठकूला काय करावे सुचेना. एवढे मोठे माणूस पायाशी! तिला आपले अवघडल्यासारखे झाले.

"काकू, उठा बघू आता," ती म्हणाली. "निम्मी साळ फोडायची राहिलीय. भट्टी अजून तापलेली आहे तोवर हातावेगळी करते. ह्याला जरा धरता?"

काकूंनी डोळे पुसले आणि सोवळ्याचा पदर पसरून म्हादूला घेतले. त्याने त्यांच्या खांद्यावर नाक पुसले. ठकूने लुगडे खोचले आणि ती भट्टीकडे चालू लागली.

अशी ही धामणतळ्याची हकीकत. ऐकणाऱ्यांच्या दारी आलेले कोणी रित्या हाताने परत न जावो.