एक हात बर्फ, एक घर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचा उन्हाळा घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा आणि पाय धुवायच्या आत निघून जायचा. त्यामुळे एका गावाजवळचा बर्फ कधी पुरता वितळेचना. एका सालच्या बर्फावर दुसऱ्या सालचा बसला, त्यावर तिसऱ्या सालचा. सात पिढ्यांत त्याचा डोंगर झाला आणि तो आपल्याच भारानं गावाकडे सरकू लागला.

गावानं नियम केला : बर्फ एक हात पुढे आला, की सगळ्यात खालचं एक घर मोडून टेकडीवर बांधायचं. अख्खं गाव असं वर गेलं. एकही माणूस दगावला नाही.

मग उन्हाळे लांबले. बर्फ मागे हटू लागला. तेव्हा पाटलांनी तोच नियम उलटा केला : एक हात बर्फ मागे, की एक घर परत खाली. सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचं घर नेलं. खालची माती कसदार होती, लोक हरखले. नियम करणारे कधीच मेले होते, त्यांची अक्कलही त्यांच्याबरोबर गेली होती.

गावात एक म्हातारी मेंढपाळीण होती. ती पाटलांकडे गेली.

"पाटील, बर्फाच्या इतक्या भारानं खालची जमीन दबलीय. गादीवरून माणूस उठला तरी खळगा राहतोच की! ओढे आता उलटे, बर्फाकडे वाहतात. त्याच्या पायाशी तळं साचलंय, ते त्याला खालून पोखरतंय. आणि त्याच्यामागे वितळलेलं पाणी तुंबलंय, ते त्या बर्फानंच अडवून धरलंय. उद्या घर खाली न्यायची माझ्या लेकीची पाळी. तिचं घर तेवढं वरच राहू द्या."

पाटील हसले. "मावशी, बर्फ यायला सात पिढ्या लागल्या. जायला निदान सहा तरी लागतील! आणि तुमच्या लेकीला सूट दिली, तर नियम पाळणार कोण?"

लेकही म्हणाली, "आई, लोक हसतील गं." तान्ह्या पोराला कडेवर घेऊन ती खाली राहायला गेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, पोखरलेला कडा एकदम कोसळला. त्याच्यामागे वर्षानुवर्षं तुंबलेलं पाणी सुटलं. चूल पेटवून भाकरी भाजून होईतो घरं होती तो खळगा काठोकाठ भरला. पाटलांचं घर गेलं, सगळ्यांची गेली.

म्हातारी टेकडीवर मेंढ्यांत उभी होती. आवाज बसेपर्यंत ती लेकीला हाका मारत राहिली. ओ आली नाही.

तात्पर्य : संकट हळूहळू आलं म्हणून ते हळूहळूच जाईल असं धरून चालू नये, सात पिढ्यांत जे साठतं, त्याला कोसळायला एक दुपार पुरते.