फेऱ्या कितीही, घास चारच

मिरजेत द्वारकाबाई खोचरेंची खानावळ होती. लेकीच्या बाळंतपणाला त्या चार महिने कॅनडाला निघाल्या होत्या. पण दम्याचं दुखणं, त्यामुळे विम्याशिवाय विमानात बसायची धास्ती. रोज तिथंच जेवणारे विमा कंपनीचे रणवरेसाहेब मात्र वार्षिक पॉलिसीवरच अडून बसले.

"वर्षभरात कितीही फेऱ्या करा, बाई! फक्त प्रत्येक फेरीचे पहिले तीस दिवसच विमा चालतो."

"पण मी एकदाच जाणार, तेही चार महिने."

"विम्यातलं तुम्हाला काय कळतंय? सही करा."

बाईंनी ताट वाढलं. साहेबांनी भाकरी रश्शात कुस्करली, चार घास खाल्ले, तोच बाईंनी ताट उचललं.

"अहो, पोट कुठं भरलंय माझं?"

"आजपासून तुमचं जेवणही वार्षिक, साहेब. वर्षभरात कितीही वेळा या. फक्त प्रत्येक वेळी पहिले चार घासच मिळतील."

सगळी खानावळ हसली. साहेब ओशाळले.

"दर पंधरवड्याला परदेशी पळणाऱ्यांसाठी आहे ती पॉलिसी," असं पुटपुटत त्यांनी एकाच फेरीचा, पुऱ्या चार महिन्यांचा फॉर्म काढला. त्यात दमाही लिहून घेतला.

सही करताना द्वारकाबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी ताट परत साहेबांपुढं ठेवलं, वर गरम भाकरी वाढली.

"जेवा आता. तुम्ही उठेपर्यंत ताट तुमचं."