दोनदा काढलेली हनुवटी

एक होती तानूबाई, एक तिची सून हौसा, आणि जर्मनच्या लढाईत समुद्रापार गेलेला एकुलता लेक केरबा. गावाबाहेर माळावर राहायचे फकीर मलंगबाबा. त्यांचा चेला दिगंबर, कोल्हापुरात चित्रं शिकून आलेला, नाकावर माशी बसू देत नव्हता.

केरबाची खबर बंद झाली होती. अशात रजेवरच्या एका शिपायानं हातोहात आलेला कागद दिला. अक्षर एक नाही. कोळशानं काढलेला केरबाचा चेहरा, डोळे मिटलेले. काढणारा त्याचा सोबती धोंडी. त्याला कुठलं लिहिता येत होतं!

भावकी जमली. म्हणाली, हौसाच्या बांगड्या फोडा.

"आधी बाबांना दाखवते," तानूबाई म्हणाली, आणि सुनेला घेऊन माळावर आली.

दिगंबरानंच कागद ओढून घेतला. हुंगला.

"दवाखान्याचा वास. जखमेची पट्टी गुंडाळून येते, तो कागद आहे हा. त्यात डोळे मिटलेले... मावशी, हे मढ्याचं चित्र."

हौसानं बांगड्या पदराखाली झाकल्या.

"आणि हात किती कच्चा! हनुवटी दोनदा काढलीय. एक इथं, एक तिथं."

बाबा उठले. त्याच्यासमोर बसले, डोळे मिटले.

"बेटा, माझं चित्र काढ."

"आत्ता?"

"आत्ता."

दिगंबरानं धुनीतला कोळसा घेतला. हनुवटीची रेघ ओढली, तोच बाबांची मान कलली. त्यानं दुसरी ओढली.

"बाबा, हलू नका ना!"

"बरं..."

मान पुन्हा कलली.

"अहो, असं हललात तर हनुवटी दोनदा..."

त्याचा हात थांबला.

"काय झालं रे?" तानूबाईनं विचारलं.

दिगंबरानं कोळसा खाली ठेवला. केरबाचा कागद त्यानं हौसाच्या ओटीत ठेवला, खालमानेनं म्हणाला, "वहिनी... मढं कुठं हलतं? आणि मेलेल्याला पट्टी कोण बांधतं?"

बांगड्या राहिल्या हातात.

सुगीच्या दिवसांत केरबा कुबडी टेकत दारात उभा राहिला. पुढच्या सुगीला तानूबाईच्या घरात पाळणा हलला. लेकराला घेऊन सगळी माळावर आली.

दिगंबर हळूच म्हणाला, "बाबा, मी एवढं शिकलो. तरी मला जे दिसलं नाही, ते तुम्हाला कसं दिसलं?"

हौसाच्या मांडीवर पोर हातपाय झाडत होतं.

बाबांनी धुनीतला कोळसा दिगंबरापुढं धरला.

"ह्या पोराचं चित्र काढ..."