देवी टोचलेली पपई

एकदा मी शीतलादेवीला नवस बोलले होते, "आई, बाग वाचू दे, पहिली पपई तुझ्या पायाशी ठेवीन." विषाणूच्या रोगाने आमची पपई दोनदा गेली होती. पानं आखडायची, फळांवर गोल चट्टे उठायचे. माझी सून शाल्मली प्रयोगशाळेत काम करते. तिथे त्यांनी त्याच विषाणूचा एक निरुपद्रवी अंश रोपाच्या जनुकांत घातला. ती रोपं आम्ही लावली आणि ती तरली.

शीतलासप्तमीला आम्ही दोघी पपई घेऊन गेलो, तर या रोपांची गोष्ट कानावर आलेल्या विश्वस्त भास्करआप्पांनी देवळाच्या दारात हात आडवा धरला.

"रोग भरलेलं फळ देवीला? गाभारा बाटवता काय?"

नवस अडला, माझे डोळे भरले. शाल्मली मात्र आप्पांच्या उघड्या दंडाकडे पाहत होती.

"आप्पा, हा वण कशाचा हो?"

"देवीचा रोग येऊ नये म्हणून लहानपणी देवी टोचली होती."

"म्हणजे रोगाचाच भाऊबंद अंगात घातला, तरी तुम्ही रोज गाभाऱ्यात जाता. पपईलाही आम्ही देवीच टोचलीय, आप्पा."

आप्पांनी वणावर हात ठेवला आणि ते बाजूला झाले.

पपई मी शाल्मलीच्या हातून वाहिली. बायांनो, तुम्हीही नवस जरूर बोला, पण फेडताना ज्या हातांनी फळ वाचवलं, ते हात पुढे करा.