धनेशाचे उष्टे

पूर्वी कृतयुगात, सह्यपर्वताची शिखरे मेघांच्या पंक्तीला बसत असत त्या काळी, तेथे धूपवृक्षांची अरण्ये इतकी घनदाट होती की त्यांच्या राळेचा सुगंध विनासायास स्वर्गापर्यंत पोहोचे. पुढे यज्ञ वाढले, यजमान वाढले आणि राळेच्या लोभाने परशूचे घाव खोल खोल जाऊ लागले. अखेरीस शुचिव्रत ऋषींच्या आश्रमाजवळ एकच जीर्ण वृक्ष उरला. आणि त्याच्या बुंध्यावरची सर्वांत खोल जखम खुद्द ऋषींच्याच हातची होती. त्याचे प्रायश्चित्त त्यांनी स्वतःच ठरवले.

"या वृक्षाचा वंश चालेल तेव्हाच मी अग्नीत आहुती देईन," अशी त्यांनी प्रतिज्ञा केली. बारा वर्षे ते फळे स्वहस्ते उतरवीत, बिया तीर्थजलाने धूत आणि अभिमंत्रून पेरीत. फळांना चोच लावू पाहणाऱ्या धनेश पक्ष्यांना तर ते दर्भाची जुडी उगारून पिटाळीत. सोवळ्यात तसूभरही उणे नव्हते. अंकुर मात्र एकही नव्हता.

तेराव्या वर्षी अर्धा वृक्ष वाळला. "यंदाची फळे शेवटचीच," असे म्हणून ते महाज्ञानी ऋषी ओक्साबोक्शी रडले.

तेव्हा त्यांची पत्नी सुवर्चा त्यांना हाताला धरून दरीकडच्या एका ढोलीखाली घेऊन गेली. ढोलीत धनेशाची मादी पिल्लांसह बसली होती. खाली विष्ठेचा नि बियांचा ढीग होता, आणि त्यातून धुपाची कोवळी रोपे वर आली होती.

"आपण त्रिकाळ स्नानाला जाता, तेवढ्यात नर फळे घेऊन येतो," ती म्हणाली.

"शिव शिव! हे तर पाखराचे उष्टे!" ऋषी मागे सरले.

"आणि नाथ, आपल्या अभिषेकाचा मध कोणाचा उष्टा? दूध कोणाचे?" सुवर्चा कडाडली. "सोवळे राखायचे की वृक्षाचा वंश, ते आत्ताच ठरवा!"

 ऋषींनी खाली बसून दोन्ही हात त्या ढिगात घातले आणि ते एकेक बी वेचू लागले. तत्क्षणी वनदेवी प्रकट झाली. "प्रसन्न आहे, वर माग."

"हे देवी, पाखराने उष्टावलेले फळ सर्वांना शुद्ध ठरो. म्हणजे माझ्यासारखा दुसरा कोणी शहाणा त्याला हाकलणार नाही."

"तथास्तु!"

जीर्ण वृक्ष त्याच वर्षी कोसळला, पण तोवर उतारावर शंभर रोपे डोलत होती. ऋषींनी अग्नी चेतवला आणि पहिली आहुती चोच लागलेल्या फळाची दिली. अग्नीने ती आनंदाने घेतली. तेव्हापासून पाखराने उष्टावलेले फळ देवालाही चालते.