विसोबाचा चिंचोका

खाडीकाठच्या एका गावात एक पक्ष होता. राज्य राजाचं असलं म्हणून काय झालं, चार माणसं पारावर बसली की पक्ष होतोच. ह्या पक्षाचं नाव शेतकरी मंडळी आणि पुढारी विसोबा. वरच्या डोंगरवाडीची दुसरी मंडळी होती. ती पूर्व म्हणाली की हे पश्चिम म्हणत.

एकदा राजाने गावोगाव तीन प्रश्न पाठवले. प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाला एक चिंचोका टाकायचा, ‘होय’च्या मडक्यात नाहीतर ‘नाही’च्या. राजाचे प्रश्न म्हणजे गावाच्या खिशात हात, हा विसोबाचा अनुभव. त्यात डोंगरवाडी तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणार असं कळलं. मग वाचायची गरजच काय? त्याने दवंडी पिटवली, तिन्ही प्रश्नांना ‘नाही’.

माडांवर कर बसवावा काय? नाही. खाडीतली होडी बंद करावी काय? नाही. दोन्ही वेळा गाव जिंकलं आणि विसोबाच्या मिशीला पीळ चढला. तिसऱ्या प्रश्नाला पहिला चिंचोका त्यानेच टाकला, तोही सगळ्यांना दाखवून. मागे रांग लागली.

रांगेत गोदाकाकू होती. तिचं भातशेत खारबांधाला लागूनच. खाडीचं खारं पाणी त्या मातीच्या बांधानेच अडवलं होतं. तो गेला तर खालची सगळी शेतं मिठाची झाली असती. काकूने मडक्यांजवळचा, प्रश्न लिहिलेला फळा वाचला. पुन्हा वाचला. मग रांग सोडून ती विसोबाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “विसोबानू, फळ्यार ‘खारबांध मोडू नये, हे मान्य काय?’ असा लिवलेला आसा. आमी ‘नाय’ म्हटला तर बांध मोडतलो.”

विसोबाने फळा वाचला. राजाला तिथे बंदर हवं होतं, आणि त्याच्या कारकुनाने प्रश्न नेमका उलटा घातला होता. निम्मी रांग सरली होती. मडक्यात पडलेला चिंचोका परत निघत नव्हता. समोर डोंगरवाडीची मंडळी बसली होती. त्यांच्यादेखत शब्द फिरवायचा? उद्या आपल्या मागे कुत्रं तरी उभं राहील काय? तो विचार करत होता तेवढ्यात आणखी पाच चिंचोके ‘नाही’त पडले. प्रत्येक आवाज त्याच्या छातीत वाजला. काकू बांधाकडे बघत उभी राहिली.

विसोबा पाराच्या दगडावर चढला. “गाववाल्यांनू, मी प्रश्न वाचूक नाय. चूक माजी. आता ‘होय’ म्हणा, नायतर बांध जातलो.”

डोंगरवाडीचे लोक खो खो हसले. त्याला शरमेने धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण रांग वळली.

संध्याकाळी मडकी फोडून चिंचोके मोजले. ‘होय’ एकशे चार, ‘नाही’ एकशे तीन. बांध एका चिंचोक्याने वाचला.

लोक विसोबाला खांद्यावर घ्यायला धावले. त्याने हात जोडून त्यांना अडवलं. ‘नाही’च्या ढिगाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “त्यात पयलो माजो.”

तात्पर्य: शब्द फिरवावा लागला तर लाज वाटू नये, लाज वाटावी ती प्रश्न न वाचता उत्तर दिल्याची.